फ्रिजमधलं दव

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुमची नजर माझ्यामागच्या भिंतीवर गेली आणि धाकटीनं विचारलं, "आजी, तो फोटो हललेला आहे ना? मग फ्रेम कशाला केलीस?" दूध उतू जातंय असं सांगून मी विषय टाळला. माझं दूध कधी उतू जात नाही, हे तुमची आई तुम्हाला सांगेल. पण त्या फोटोची गोष्ट निघाली की माझे कान अजून गरम होतात, आणि त्या पडद्यावर माझे कान तुम्हाला फार मोठे दिसतात. म्हणून लिहून पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या.

फोटोत हिरवट करड्या धुक्यात जो तपकिरी फराटा दिसतो तो एक कोळी आहे. आंब्याची पानं शिवून त्यांत घर करणारे लाल मुंगळे असतात. ते कडकडून चावतात, त्यामुळे पाखरंही त्यांच्या वाटेला जात नाहीत. हा कोळी हुबेहूब त्या मुंगळ्यासारखा दिसतो आणि त्यांच्या आसपासच वावरतो. मुंगळ्याला सहा पाय आणि कोळ्याला आठ, म्हणून तो पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवत चालतो. त्यातल्या नराचा जबडा तर इतका लांब की एक मुंगळा दुसऱ्याला तोंडात धरून चालला आहे असं वाटावं. हे सगळं मला अण्णांनी शिकवलं. मला शिकायचं नव्हतं, तरी शिकवलं.

अण्णा आमचे घरमालक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुमच्या आजोबांची बदली पुण्याहून बंगळूरला झाली आणि मल्लेश्वरममध्ये एका जुन्या घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. खाली ते आणि त्यांच्या पत्नी राहत. सगळा रस्ता त्यांना अण्णा म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या पत्नी माझ्या काकू झाल्या. घराणं मराठी, पण तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की पहिले काही दिवस मला त्यांचं बोलणं निम्मंच कळे. मी वयानं त्यांच्याहून पुष्कळ लहान, तरी ते मला अक्का म्हणत. यशवंतपूरकडच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. तिथे तयार मालाची तपासणी त्यांच्याकडे होती. जो नग तपासणीत उतरला नाही त्यावर लाल फुली मारायची, हे त्यांचं काम. ती सवय घरीही सुटली नव्हती. दळून आणलेल्या पिठात जाडसर कणी निघाली तर काकूंना डब्यावर लाल फुली दिसे.

घर दाखवताना भाडं, पाणी, विजेचं मीटर हे सगळं काकूंनी सांगितलं. अण्णांची एकच अट होती. जिन्याच्या वळणावर एक जाळं होतं, त्याला झाडू लावायचा नाही. जाळ्याच्या मधोमध एक जाडजूड मादी पाय दोन-दोन जुळवून बसलेली, आणि तिच्याभोवती पांढऱ्या नागमोडी रेघा.

"ती तुमच्या आधीची भाडेकरू," अण्णा म्हणाले. "तुम्ही स्वल्प वाकून जा, अक्का."

तुमचे आजोबा उंच, त्यांना बरंच वाकावं लागे. पुण्याहून माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या तेव्हा त्याही वाकल्या, वर येऊन त्यांनी पदर झटकला आणि म्हणाल्या, "तुझ्या टापटिपीचं मी काही वेगळंच ऐकलं होतं." माझ्या स्वयंपाकघरात तेव्हाही प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी होती आणि माझ्याच जिन्यात जळमट. तो टोमणा मला वर्षभर पुरला.

अण्णांचा कॅमेरा जुना होता, आणि त्याची साधी लेन्स त्यांनी उलटी बसवून घेतली होती. लेन्स उलटी लावली की जवळचं बारीक मोठं दिसतं म्हणे. फ्लॅशवर दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा ताणून बांधलेला, म्हणजे उजेड बोचत नाही. अंगात कारखान्यातला खाकी कोट, खाली चौकड्यांची लुंगी. बाहेर निघताना ते पायांत चपला घालत नसत. त्या चपला दोन्ही कोपरांना सुतळीनं बांधलेल्या असत. कोपरं टेकून तासन्‌तास पालथं पडायचं तर कातडं सोलतं, आणि पायांचं काय, ते तर मागे हवेतच असतात, असा त्यांचा हिशोब. मल्लेश्वरमच्या भर रस्त्यातून, फुलांच्या माळा विकणाऱ्या बायकांच्या समोरून, हा मनुष्य कोपरांना चपला बांधून चालत जाई, आणि मी समोरून आले तर मोठ्यानं हाक मारून सांगे की करंजाच्या झाडावर आज एक भुंगेरा सापडला आहे.

मी मान हलवी आणि पाऊल उचले. मी इंग्रजी शाळेत वाढलेली. लोकांच्या नजरेत येऊ नये असं चालायचं, बसायचं, शिंकायचं हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. अण्णांना ते कोणी शिकवलंच नव्हतं.

एकदा मी भाजी घेऊन येत होते. आमच्याच कोपऱ्यावर रस्त्याच्या कडेला गर्दी जमलेली. मध्ये अण्णा पालथे, निश्चल. लोकांना वाटलं, फेफरं आलं. कोणी त्यांच्या डाव्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला होता. एक रिक्षावाला कांदा शोधत होता, नाकाशी धरायला. माझ्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती, त्यामुळे तो थेट माझ्याकडेच आला. मी पुढे झाले तर अण्णा ओठ न हलवता मराठीत पुटपुटले.

"अक्का, त्यांना सांगा, मी जिवंत आहे. मला हलता येत नाही."

समोर गवताच्या पात्यावर एक इवलासा कोळी पुढचे पाय झाडत बसला होता. त्याच्याकडे बघून मला माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्या सगळ्या लोकांना सांगावं लागलं की यांना काही झालेलं नाही, हे कोळ्याचा फोटो काढत आहेत. एका बाईनं विचारलं, हे तुमचे कोण? घरमालक म्हटलं असतं तर चाललं असतं. पण कन्नडमध्ये घरमालकाला काय म्हणतात ते मला त्या क्षणी आठवेना आणि मी म्हटलं, आमचे अण्णा. घरी येईपर्यंत माझा चेहरा जळत होता. अण्णा मात्र मागून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आले, ज्याचा होता तो घाईत विसरून गेला होता, आणि संध्याकाळपर्यंत घरोघर विचारून त्यांनी तो परत केला.

फोटो काढताना ते श्वास धरत. इतक्या जवळून बघताना कॅमेरा केसभर पुढेमागे झाला तरी सगळं पुसट होतं. त्यामुळे श्वास धरायची सवय त्यांना अशी लागली होती की बोलता बोलताही मध्येच गप्प होत आणि नजर माझ्या खांद्यावर लावत. मग मला कळे की माझ्या खांद्यावर काहीतरी बसलं आहे. ते उडून गेलं की राहिलेलं वाक्य पुरं करत.

आणि त्यांचा एक नियम होता. जागेवर, जसं आहे तसं. किड्याला बोट लावायचं नाही, काडीनं ढोसायचं नाही, बाटलीत घालून घरी आणायचं नाही. ते ज्या छायाचित्रकारांच्या मंडळात जात तिथे काही लोक किडे फ्रिजमध्ये ठेवतात असं त्यांनी मला सांगितलं होतं. थंडीनं किडा बधिर होतो, बाहेर काढला की काही मिनिटं पुतळ्यासारखा बसून राहतो, मग हवा तसा फोटो निघतो. हे सांगताना ते तुच्छतेनं हसले होते. "त्याला गारठवायचं आणि म्हणायचं, हं, बघ इकडे. ते काय पोलीस ठाणं आहे?"

मंडळात त्यांच्या फोटोंना कधी बक्षीस मिळालं नव्हतं. तिथे देवळं, धुकं आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या यांना मान होता. अण्णांना मागून झुरळवाले म्हणत, हे त्यांनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. त्यांना फक्त एक फोटो हवा होता: तो लांब जबड्याचा नर, अगदी समोरून, डोळे आणि जबडा दोन्ही स्वच्छ. परसात आंब्याचं झाड होतं, त्यावर मुंगळ्यांची घरं होती, नरही दिसत. पण तो प्राणी एका जागी थांबत नाही. पहाटे अंगावर दव असतं तोवर तेवढा जरा जडावलेला असतो. म्हणून अण्णा पावसाळा संपेपर्यंत रोज पहाटे परसात पालथे. वर्षांमागून वर्षं असंच चाललेलं.

मग त्यांचा हात कापू लागला. आधी कॉफीचा पेला वाटीत वाजायचा. मग काकू त्यांना पेला अर्धाच भरून देऊ लागल्या. त्या वर्षी त्यांनी धुऊन आणलेल्या रोलांत एकही फोटो स्वच्छ नव्हता. ते सगळे फोटो उजेडाला धरून बघत आणि एकेकावर लाल फुली मारत बसलेले मला जिन्यातून दिसत. त्यांनी हाताविषयी कधी काही बोलून दाखवलं नाही. एकदा फक्त विचारलं, पुण्यात तुमच्या ओळखीचा कोणी हाताचा डॉक्टर आहे का. मी चौकशी केली. उपयोग झाला नाही.

आता फ्रिजकडे येते. फोटोचे रोल गार ठेवले तर रंग टिकतात. काकूंच्या फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध-लोणी असे, तिथे बाहेरची वस्तू चालत नसे. आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी खळगे होते आणि आमच्याकडे अंडी येत नव्हती. त्यामुळे त्या खळग्यांत अण्णांच्या रोलच्या काळ्या डब्या उभ्या असत. मी त्यांना रांगेत लावून ठेवी. माझ्या फ्रिजचं दार उघडलं की ती काळी, एकसारखी रांग बघून मला बरं वाटे.

श्रावणातल्या एका दुपारी दही काढायला फ्रिज उघडला तर रांगेच्या टोकाला एक जास्तीची डबी होती. तिच्या झाकणाला टाचणीनं भोकं पाडलेली. सकाळी अण्णा रोल ठेवायला आले होते. मी ती डबी सरळ केली आणि दार लावलं. थोड्या वेळानं अण्णा वर आले, एरवी दारातूनच बोलायला सुरुवात करत, आज काही न बोलता डबी घेऊन गेले. मागच्या गॅलरीत मी कपडे चाचपत होते, दमट हवेत ते वाळतच नव्हते. खाली कपडे धुण्याच्या दगडावर अण्णांनी कॅमेरा टेकवला होता. समोर डबी उपडी करून त्यांनी एक आंब्याचं पान काढलं. कोपरांना चपला नव्हत्या. ते पालथेही पडले नाहीत, नुसते गुडघ्यांवर बसले. फ्लॅश पुन्हापुन्हा चमकला. मग त्यांनी ते पान झाडाच्या बेचक्यात नेऊन ठेवलं आणि तिथे बराच वेळ उभे राहिले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला कपड्यांची काळजी होती.

हिवाळ्याच्या तोंडाशी मंडळाचं प्रदर्शन भरलं. अण्णांच्या फोटोला पहिलं बक्षीस होतं, आणि तो पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर येणार होता. मंडळाचे चिटणीस म्हणजे चिकपेटमधले साड्यांचे मोठे व्यापारी. दरवर्षी ते आपल्या दुकानाचं कॅलेंडर काढत आणि त्यावर प्रदर्शनातला पहिला फोटो असे. काकूंनी ठेवणीतलं रेशमी नेसलं. मीही नेसले. आम्ही तिघं रिक्षानं गेलो. तुमचे आजोबा ऑफिसातून परस्पर येणार होते ते आले नाहीत.

फोटो खरोखर सुंदर होता. पानावर उभा तो नर, समोरून, लांब जबडा, डोळे काळ्या मण्यांसारखे. आणि अंगावर, पायांच्या केसांवर, पानाच्या शिरांवर दवाचे बारीक थेंब, प्रत्येक थेंबात उजेड. चिटणीसांनी त्याला "पहाट" असं नाव दिलं होतं. परीक्षक बाहेरगावचे होते, ते इंग्रजीत बोलले. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या कानाशी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. ते म्हणताहेत, असा फोटो कौशल्यानं मिळत नाही, तपश्चर्येनं मिळतो. ते म्हणताहेत, या गृहस्थांनी किती पहाटा ओल्या मातीत घालवल्या असतील. ते म्हणताहेत, हे दव—

तिथे मी थांबले. फोटो काढला ती दुपार होती. माझे कपडे वाळत नव्हते. भोकं पाडलेली डबी माझ्या फ्रिजमधून गेली होती, आणि श्रावणातल्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या प्रत्येक वस्तूला पाणी सुटतं, दह्याच्या भांड्यालाही सुटतं.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"दव छान आलंय म्हणाले."

मंचावरून अण्णा माझ्याकडेच बघत होते. कोपरांना चपला बांधून अख्ख्या मल्लेश्वरमसमोर चालणारा तो मनुष्य, हात कुठे ठेवावेत हे न कळून ते कोटाच्या खिशात घालत होता, काढत होता. त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. काकू रडल्या. परतताना रिक्षात ते पदक काकूंच्या मांडीवर होतं, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना बाहेर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून त्यांचा आवाज आला. "अक्का, ते वळणावरचं जाळं काढून टाका. उगाच तुमच्या पाहुण्यांना त्रास." मी झाडू घेऊन गेलेही. इतकी वर्षं वाट पाहिली होती. पहिल्या भाडेकरूच्या वंशातली एक मादी पाय जुळवून बसलेली. झाडू उचलवेना. मी तशीच वाकून परत वर आले.

त्यानंतर अण्णा पहाटे परसात दिसेनासे झाले. जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीकडे सरकत, जणू मी त्यांची घरमालकीण. एकदा ते मंडळात गेले आणि फ्रिजचं सगळ्यांसमोर सांगून आले. घरी येऊन त्यांनी ते मला सांगितलं, कारण मलाच माहीत होतं. मंडळात लोक हसले होते. एकानं पाठीवर थाप मारली म्हणे, अखेर आमच्यात आलात. दुसऱ्यानं विचारलं, किती वेळ ठेवला होता, आमचे तर मरतात. चिटणीस म्हणाले, कॅलेंडर छापायला गेलं आहे, आता विषय काढू नका. पदक कोणी परत घ्यायला तयार नव्हतं. "शिव्या दिल्या असत्या तर झोप आली असती," अण्णा म्हणाले. एवढंच बोलून खाली गेले.

कॅलेंडर आलं. नवं वर्ष लागायच्या आत ते आमच्या रस्त्यावर सगळीकडे टांगलं गेलं: शिंप्याकडे, औषधाच्या दुकानात, कॉफी दळून देणाऱ्याकडे, दवाखान्यात. जाईन तिथे तो कोळी आणि ते दव. एका दुपारी अण्णा वर आले. हातात लाल शाईचं पेन.

"माल दुकानात गेला तरी नासका नग परत बोलावतात, अक्का. परत येत नसेल तर जिथे असेल तिथे जाऊन खूण करतात. मी केलंय ते काम." त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. ते त्यांच्या हातात थरथरत होतं. "माझं अक्षर आता मलाच वाचता येत नाही. तुम्ही लिहाल?"

मी म्हटलं, अण्णा, लोकांना काही फरक पडत नाही. कोळी तोच आहे.

"कोळी तोच. तो मुंगळ्याचं सोंग घेतो ते जगायला. मला काय गरज होती?"

मी पेन घेतलं. वाक्य मीच बेतलं, कारण त्यांचं वाक्य फार लांब होतं: हा कोळी फ्रिजमध्ये ठेवलेला होता, हे पहाटेचं दव नव्हे. इंग्रजीत मी लिहायचं, आणि त्याखाली कन्नडमध्येही मीच, त्यांनी एका कागदावर सावकाश, मोठी मोठी काढून दिलेली अक्षरं बघून. मग आम्ही दुकानोदुकानी गेलो. अण्णा दुकानदाराला नमस्कार करून सांगत की कॅलेंडरवर एक चूक राहून गेली आहे, आणि मी स्टुलावर चढून शाळेतल्या गोल अक्षरात फोटोखाली लाल शाईनं लिहीत असे. शिंप्यानं वाचलं. कोणाचा फ्रिज, त्यानं विचारलं. मी म्हटलं, माझा. कॉफीवाल्यानं विचारलं, त्यातच दूध ठेवता? औषधाच्या दुकानात ओळखीच्या दोन बायका होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या फ्रिजइतका स्वच्छ फ्रिज त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. ते सांगायला जागाच नव्हती.

सगळ्यात वाईट चिकपेट. गल्लीत माणसाला माणूस घासत होता. दुकानात पांढऱ्या चादरींवर साड्यांचे ढीग, गिऱ्हाईकं मांडी घालून बसलेली, आणि कोपऱ्यात उरलेल्या कॅलेंडरांच्या गुंडाळ्या. अण्णांनी परवानगी मागितली. चिटणीस आधी हसले, मग माझ्या हातातलं पेन बघून हसायचे थांबले. साडीच्या दुकानाच्या कॅलेंडरवर फ्रिजमधला कोळी, बायका काय म्हणतील, त्यांनी विचारलं. मग मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाले, तुम्ही शिकलेल्या दिसता, यांना समजावा. सगळं दुकान आमच्याकडे बघत होतं. मी काही समजावलं नाही. अण्णांनी खिशातून पदक काढलं, समोरच्या चादरीवर ठेवलं, आणि चिटणीसांना हात जोडले. एका नोकरानं कोणाला तरी दाखवायची साडी उलगडली ती नेमकी त्यावरच. आम्ही गल्लीत आलो तेव्हा अण्णा श्वास धरून चालले होते.

पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा परसात उतरले, पण फोटो काढायला नाही. नुसते झाडाखाली उभे असत. एका पहाटे खालून दबक्या आवाजात हाक आली. मी गॅलरीतून वाकले. ते कॅमेरा घेऊन परसाच्या फाटकाबाहेर पालथे पडले होते. आंब्याची एक फांदी कुंपणावरून रस्त्याकडे झुकलेली, तिच्या खालच्या पानावर तो नर बसला होता. समोरून. थांबलेला.

"हात राहत नाही, अक्का. स्वल्प मनगट धरा."

मी साडीतच गेले. फांदी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. त्यांच्या शेजारी पालथं पडल्याशिवाय मनगट हातात येत नव्हतं. त्यांनी एका कोपराची चप्पल सोडून मला दिली. मी ती बांधली आणि मल्लेश्वरमच्या रस्त्यावर पालथी पडले. दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. त्यांचा हात पाखरासारखा धडधडत होता. त्यांनी श्वास धरला. मीही धरला.

मागे दुधाची सायकल थांबली. मग फिरायला निघालेली पावलं. औषधाच्या दुकानात भेटलेल्यांपैकी एक बाई, तिचा आवाज मी ओळखला, विचारत होती की यांना काय झालं, चक्कर आली का. माझे कान तापले, एक तर ओल्या मातीला टेकलेला असूनही तापला. कोळ्यानं पुढचे दोन पाय उचलले.

मी ओठ न हलवता म्हटलं, "अण्णा, त्यांना सांगा, मी जिवंत आहे. मला हलता येत नाही."

अण्णांना हसू आलं. तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

तो हा फोटो. हसण्यानं हलला की थरथरीनं, की माझीच पकड सुटली, हे आम्हाला ठरवता आलं नाही. रोल धुऊन आला तेव्हा अण्णांनी तो उजेडाला धरून फार वेळ पाहिला. लाल फुली मारली नाही. मोठा करून आणला आणि मला दिला. पुण्याला परत आल्यापासून तो माझ्याजवळ आहे. नीट बघितलात तर फराट्याच्या डाव्या टोकाला जबडा ओळखता येतो. दव मात्र शोधू नका. त्या पहाटे पडलं नव्हतं.